मजूर स्वस्त म्हणून धंदा स्वस्त होत नाही, हे जमशेदजी टाटांना कुर्ल्याच्या गिरणीने शिकवलं

एखादी मोठी कंपनी नवा कारखाना टाकायला निघाली की आधी एक तक्ता तयार होतो.

भारत, व्हिएतनाम, बांगलादेश, मेक्सिको. कुठे मजुरी किती, विजेचं युनिट केवढ्याला, जागेला काय पडतं, बंदरापर्यंत कंटेनर न्यायचा खर्च किती, कर किती बसतो. ज्या देशाची बेरीज कमी, तिकडे पैसा वळतो.

अंधेरीचं सीप्झ १९७३ साली उभं राहिलं ते याच गणितावर. निर्यातीसाठी माल बनवा, बाहेरून आणलेल्या सुट्या भागांवर आयात कर भरू नका, म्हणजे तुमचा खर्च इतर देशांच्या तोडीस तोड येईल, असा तो साधा हिशेब होता.

पण हे गणित मुंबईतल्या एका माणसाने त्याच्याही जवळपास शंभर वर्षं आधी मांडलं होतं. कॉम्प्युटर नाही, टेलिफोन नाही, आकडे मिळवायचे तर महिनाभर बोटीत बसून त्या देशात जायचं. त्या माणसाचं नाव जमशेदजी नसरवानजी टाटा. आणि या गणितातला सगळ्यात महागडा धडा त्यांना मिळाला तो मुंबईच्या उपनगरात, कुर्ल्याला.

लंडनमध्ये दिवाळं, लँकेशायरमध्ये शाळा

जमशेदजींचा जन्म ३ मार्च १८३९ चा, गुजरातेतल्या नवसारीचा. घराणं पारशी धर्मगुरूंचं. वडील नसरवानजी मात्र मुंबईत येऊन व्यापारात पडले. मुलाला त्यांनी एल्फिन्स्टन कॉलेजात शिकवलं आणि १८५९ साली थेट हाँगकाँगला पाठवून दिलं. इथून कापूस आणि अफू पाठवायची, तिकडून चहा, रेशीम आणायचं, असा तेव्हाच्या मुंबईच्या बड्या व्यापाऱ्यांचा धंदा होता.

मग अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झालं. १८६१ ते १८६५. अमेरिकेचा कापूस बंद झाला आणि इंग्लंडच्या गिरण्या भारतीय कापसावर तुटून पडल्या. मुंबईत पैशाचा पूर आला. जमशेदजी लंडनला गेले ते तिथे कंपनीचं बस्तान बसवायला.

ते तिथे असतानाच युद्ध संपलं. कापसाचे भाव कोसळले आणि त्यांच्याकडची कागदपत्रं रद्दीच्या भावाची झाली. पंचविशीतला हा तरुण पळून गेला नाही. ज्यांचे पैसे अडकले होते त्यांच्यासमोर जाऊन त्याने खरी परिस्थिती मांडली. त्या लोकांनी हिशेब मिटवण्याचं काम त्याच्याकडेच सोपवलं, तेही पगार देऊन.

या मुक्कामात आणि नंतरच्या फेऱ्यांत त्यांनी लँकेशायरच्या गिरण्या बारकाईने पाहिल्या. कोडं साधं होतं. वऱ्हाड-खानदेशचा कापूस रेल्वेने मुंबईला जातो, तिथून जहाजाने लिव्हरपूलला, मग मँचेस्टरला. तिथे महागड्या मजुरीवर कापड बनतं. ते परत जहाजाने भारतात येतं. एवढा प्रवास करूनही ते इथल्या बाजारात खपतं कसं?

उत्तर एका आकड्यात नव्हतं. लँकेशायरचं यंत्र नवीन, कोळसा दाराशी, हवा दमट असल्यामुळे सूत कमी तुटायचं, आणि तिथला एक कामगार इथल्या कामगारापेक्षा जास्त माग सांभाळायचा. मजुरी महाग, पण वारामागे पडणारा खर्च आटोक्यात.

आजच्या भाषेत सांगायचं तर, पगार किती यापेक्षा त्या पगारात माल किती निघतो हे बघायचं असतं.

नागपूर का निवडलं?

मुंबईत त्यांनी चिंचपोकळीची एक बंद पडलेली तेलाची गिरणी घेतली, तिची कापड गिरणी केली आणि काही वर्षांत फायद्याने विकून टाकली. पुढच्या गिरणीसाठी सगळ्यांना वाटलं ते मुंबईच निवडतील. कारण तेव्हा गिरणी म्हटलं की मुंबई.

जमशेदजींनी बेरीज केली. मुंबईत जागा महाग. कापूस आतून आणायचा, त्याला रेल्वेचं भाडं. कोळसा तर बराचसा थेट इंग्लंडहून जहाजाने यायचा. त्याउलट नागपूरला कापूस आजूबाजूच्या शेतात, वरोऱ्याचा कोळसा जवळ, आणि मुंबईची रेल्वे पोचलेली.

१८७४ साली १५ लाखांच्या भांडवलावर कंपनी निघाली. जागा दलदलीची होती, ती भरून काढावी लागली. जमिनीत सोनं पुरणारा माणूस म्हणून त्यांची टिंगलही झाली. १ जानेवारी १८७७ ला गिरणी सुरू झाली. त्याच दिवशी राणी व्हिक्टोरिया भारताची सम्राज्ञी म्हणून जाहीर झाली होती, म्हणून नाव ठेवलं एम्प्रेस मिल.

सुरुवातीला यंत्रं स्वस्तातली घेतली होती. सूत नीट निघेना, ती बदलावी लागली. स्वस्त यंत्र महाग पडतं, हा तिथला पहिला धडा.

दुसरा धडा कामगारांचा. मजुरी कमी होती, पण माणसं रोज यायची नाहीत. यंत्रं रिकामी फिरायची. शेतीचा हंगाम आला की निम्मी माणसं गावाला. इतर मालक दंड करायचे. जमशेदजी आणि त्यांचे व्यवस्थापक बेझनजी मेहता यांनी उलट केलं. खेळती हवा ठेवली, नागपूरच्या कोरड्या उन्हाळ्यात हवेत ओलावा राखणारी यंत्रणा बसवली, १८८६ साली पेन्शन फंड सुरू केला आणि १८९५ पासून अपघात झाला तर भरपाई द्यायला सुरुवात केली. असा कायदा तेव्हा देशात नव्हता.

यात माणुसकी होती, आणि व्यवहारही होता. टिकून राहिलेला, हात बसलेला कामगार रोज नव्या माणसापेक्षा स्वस्त पडतो.

आता येऊया कुर्ल्याला

१८८६ साल. नागपूर जोरात चाललं होतं. त्याच वेळी कुर्ल्याची धरमसी मिल विक्रीला निघाली.

कुर्ला तेव्हा मुंबई शहरात नव्हतं. ते ठाणे जिल्ह्यात, साष्टीत मोडायचं. पण देशातली पहिली रेल्वे १८५३ साली बोरीबंदरहून ठाण्याला गेली ती याच वाटेने, त्यामुळे माल आणणं-नेणं सोपं होतं. जागा ऐसपैस आणि गिरणी त्या काळातल्या मोठ्या गिरण्यांपैकी. जमशेदजींना ती साडेबारा लाखांना मिळाली. बांधायला लागलेल्या पैशांच्या तुलनेत ही किंमत फारच कमी होती.

कागदावर सौदा झकास होता.

नाव बदलून स्वदेशी मिल ठेवलं. स्वदेशीची मोठी चळवळ पेटली १९०५ साली, म्हणजे हे नाव तिच्या १९ वर्षं आधीचं. बेत असा की इथे बारीक सूत कातायचं आणि लँकेशायरच्या मालाला टक्कर द्यायची.

या कंपनीत त्यांनी आणखी एक गोष्ट वेगळी केली. तेव्हा गिरणी चालवणारे एजंट प्रत्येक पौंड मालामागे पाव आणा कमिशन घ्यायचे. गिरणीला नफा होवो वा तोटा, एजंटचे पैसे ठरलेले. मग गरज नसतानाही माल काढत राहायचं. जमशेदजींनी स्वदेशीत कमिशन नफ्याला बांधलं. भागधारकांना मिळालं तरच आपल्याला, हा विश्वास पैसे गुंतवणाऱ्यासाठी मोठा होता.

पण गिरणी चालेना.

यंत्रं जुनी आणि झिजलेली. दुरुस्तीवर पैसा ओतला तरी सूत खराबच. चीनच्या व्यापाऱ्यांकडून तक्रारी आल्या, माल परत आला. शेअर्सचे भाव घसरले आणि टाटांनी हात पोळून घेतले अशी चर्चा मुंबईत सुरू झाली. पैसा कमी पडला तेव्हा जमशेदजींनी एम्प्रेस मिलचे स्वतःचे शेअर्स विकले. नागपूरची पारखलेली माणसं कुर्ल्याला आणली. टाकाऊ यंत्रं काढून नवी बसवली.

काही वर्षांनी स्वदेशीचं सूत पूर्वेकडच्या बाजारात नावाजलं जाऊ लागलं. पण साडेबारा लाखांची स्वस्त गिरणी प्रत्यक्षात किती महाग पडली, हे जमशेदजी विसरले नाहीत. पुढे मोठं काही उभारायचं ठरलं तेव्हा त्यांनी कोऱ्या जमिनीपासून सुरुवात केली, ती यामुळेच.

गिरणीच्या दारापर्यंतचा हिशेब पुरत नाही

गिरणी सुधारली, तेव्हा दुसरीच अडचण दिसली. सूत कुर्ल्यात स्वस्त बनायचं, पण चीन-जपानला पोचेपर्यंत महाग व्हायचं.

कारण जहाजाचं भाडं. पूर्वेकडच्या मार्गावर पी अँड ओ या ब्रिटिश कंपनीने दोन युरोपीय कंपन्यांशी संगनमत केलं होतं. टनामागे १९ रुपये दर लावला जायचा. त्यातही टपालाच्या नावाखाली पी अँड ओ ला सरकारी मदत मिळायची, आणि त्यात भारतीय करदात्याचा पैसा होता. म्हणजे इथल्याच पैशावर पोसलेली कंपनी इथल्याच मालाचा खर्च वाढवत होती.

१८९३ साली जमशेदजी जपानला गेले. निप्पॉन युसेन काइशा या जपानी कंपनीशी त्यांनी बोलणी केली. जपानी म्हणाले, जहाजं आम्ही देतो, पण जोखीम तुम्हीही घ्या. टाटांनी स्वतः जहाजं भाड्याने घेतली आणि टाटा लाइन सुरू झाली. दर टनाला १२ रुपये.

याच प्रवासात योकोहामाहून पुढे निघताना त्यांच्या बोटीत शिकागोच्या धर्मपरिषदेला निघालेले स्वामी विवेकानंद होते.

पी अँड ओ ने काय केलं? दर दोन रुपयांच्याही खाली आणला. टाटांची जहाजं माल नेण्याच्या लायकीची नाहीत अशा अफवा उठल्या. मुंबईचे गिरणीवाले आधी टाटांच्या बाजूने होते, पण एवढं स्वस्त भाडं बघून एकेक जण पलीकडे गेला. टाटा लाइन बंद पडली, जमशेदजींना लाखाच्या वर फटका बसला, आणि भाडं पुन्हा वर गेलं.

जपानी कंपनीची मुंबई-कोबे फेरी मात्र टिकली. एकाच टोळीच्या हातात असलेला मार्ग पुन्हा पूर्वीसारखा राहिला नाही.

सरकारच्या एका सहीने बदलणारे आकडे

त्याच १८९३ साली सरकारने लोकांकडून चांदी घेऊन रुपये पाडून देणं बंद केलं. वरवर बघता याचा कुर्ल्याशी काय संबंध?

चीनचा व्यवहार चांदीत चालायचा. रुपयाही चांदीचा, त्यामुळे दर फारसा हलायचा नाही. टाकसाळी बंद झाल्यावर रुपया चांदीपेक्षा महाग झाला. कुर्ल्याच्या गाठीची रुपयातली किंमत तीच, पण चिनी व्यापाऱ्याला तिच्यासाठी जास्त चांदी मोजावी लागू लागली. जपान तेव्हा चांदीवरच होता, म्हणून त्याच्या गिरण्यांना आयताच फायदा झाला. जमशेदजींनी या निर्णयाला विरोध केला होता.

मग आला कर. परदेशी कापडावर आयात कर बसताच लँकेशायरने ओरड केली. समतोल म्हणून भारतीय गिरण्यांवरही कर बसवला गेला. १८९६ साली तो गिरणीत विणलेल्या कापडावर साडेतीन टक्के ठरला.

साडेतीन टक्के ऐकायला किरकोळ वाटतो. पण हा कर नफ्यावर नव्हता, मालाच्या किमतीवर होता. समजा १०० रुपयांच्या कापडात ७ रुपये नफा सुटत असेल, तर कराने त्यातला निम्मा नफा नेला. जमशेदजींनी गिरण्यांचे आकडे घेऊन असाच हिशेब सरकारपुढे मांडला. सरकार बधलं नाही. हा कर उठायला १९२५ साल उजाडलं.

जुहूची जमीन आणि लोणावळ्याचं पाणी

शहरातली जागा महाग झाली की माणसं ठेवणंही महाग होतं, हे जमशेदजींनी ओळखलं होतं. १८९० च्या दशकात त्यांनी जुहूला जमीन घेतली, बंगला बांधला. जुहू तारा भागातल्या १,२०० एकरांवर एकेक एकराचे ५०० प्लॉट पाडायचे आणि माहीमचा कॉजवे सांताक्रूझपर्यंत वाढवायचा, अशी योजना होती. त्यांच्या मृत्यूनंतर ती बारगळली. आज जुहूला एका एकराचा भाव विचारायची सोय नाही.

मुंबईच्या गिरण्यांचा दुसरा मोठा खर्च कोळशाचा. सह्याद्रीवर पडणारा पाऊस अडवून खाली सोडला तर त्यावर वीज होईल, ही कल्पना त्यांनी उचलून धरली. ती पुरी झाली मुलांच्या हातून. १९११ साली लोणावळ्याला पायाभरणी झाली आणि १९१५ साली खोपोलीची वीज मुंबईत आली.

शेवटचा आणि सगळ्यात मोठा तक्ता

१८८२ साली त्यांच्या वाचनात एका जर्मन भूगर्भशास्त्रज्ञाचा अहवाल आला. चांदा जिल्ह्यात, आजच्या चंद्रपुरात, लोहाऱ्याला उत्तम लोहखनिज आहे, असं त्यात होतं. वरोऱ्याचा कोळसा जवळच. पण तो कोळसा पोलादाच्या कामाचा निघाला नाही, आणि खाणकामाच्या सरकारी अटी जाचक होत्या.

जमशेदजींनी विषय सोडला नाही. १८९९ साली अटी सैल झाल्या. १९०२ साली, तब्येत ढासळलेली असताना, ते अमेरिकेला गेले. क्लीव्हलँड, पिट्सबर्ग, बर्मिंगहॅम असं फिरून पोलाद कसं आणि कितीला बनतं ते पाहिलं. न्यूयॉर्कला चार्ल्स पेज पेरिन या इंजिनिअरला गाठून भारतात यायला राजी केलं.

पेरिन आणि त्याच्या माणसांनी जे केलं तो आजच्या गुंतवणूक अहवालाचा नमुनाच. खनिज कुठे, कोळसा किती मैलांवर, चुनखडी कुठून, पाणी बाराही महिने मिळेल का, रेल्वेचं भाडं किती, बंदर किती लांब. या सगळ्यांची बेरीज जिथे कमी तिथे कारखाना.

बेरीज पुरी झालेली बघायला जमशेदजी राहिले नाहीत. १९ मे १९०४ रोजी जर्मनीत बाड नाउहाइमला त्यांचं निधन झालं. वय ६५.

अखेर जागा ठरली साकची. गोरुमहिसाणीचं खनिज, झरियाचा कोळसा, सुवर्णरेखा आणि खरकाई या दोन नद्या, जवळून रेल्वे. सरकारने दहा वर्षं दरसाल २०,००० टन रूळ घ्यायचं कबूलही केलं.

एवढा भक्कम तक्ता घेऊन मुलगा दोराबजी आणि सहकारी लंडनच्या बाजारात गेले. लंडनने पैसे दिले नाहीत.

मग ते मुंबईला परतले. १९०७ च्या ऑगस्टमध्ये शेअर्स विक्रीला काढले. सुमारे ८,००० भारतीयांनी तीन आठवड्यांत २ कोटी ३२ लाख रुपये उभे केले. पुढे खेळत्या भांडवलासाठी ४ लाख पौंडांची पूर्ण रक्कम एकट्या ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांनी दिली. फेब्रुवारी १९१२ मध्ये पहिलं पोलाद बाहेर पडलं. १९१९ साली साकचीचं नाव जमशेदपूर झालं.

लंडनला आणि मुंबईला दाखवलेले आकडे तेच होते. मुंबईकर मात्र एम्प्रेसचा नफा ३० वर्षं बघत आले होते आणि कुर्ल्याच्या तोट्यात स्वतःचे शेअर्स विकणारा माणूसही त्यांनी पाहिला होता.

कुर्ल्याची स्वदेशी मिल पुढे शंभर वर्षांहून जास्त चालली आणि २००० च्या सुमारास बंद पडली. कामगारांच्या देण्यांचा वाद कोर्टात वर्षानुवर्षं रेंगाळला. हार्बर लाइनच्या चुनाभट्टी स्टेशनजवळचा एक रस्ता अजूनही स्वदेशी मिल रोड म्हणूनच ओळखला जातो.